ब्रँचचा डे-एंड होतो, डोक्याचा कसा करायचा? बँकेतला ताण आणि चिंता हाताळताना मला उपयोगी पडलेल्या पायऱ्या

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला माझ्या पोटात गोळा यायचा. जेवणं झालेली असायची, मुलगी शेजारी बसून चित्र काढत असायची, घरात काळजीचं काही नसायचं. तरी तळहात गार पडायचे आणि सोमवारची व्हीसी, म्हणजे वरिष्ठांसोबतची व्हिडिओ मीटिंग, डोळ्यांसमोर यायची. आपल्या ब्रँचचं नाव पुकारलं जाणार, विकलेल्या विमा पॉलिसींचा आकडा विचारणार, एनपीएचा, म्हणजे थकून बुडीत धरलेल्या कर्जांचा, विचारणार, आणि चाळीस ब्रँच मॅनेजर ऐकत असणार.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका सरकारी बँकेच्या शाखेत मॅनेजर होते. मंजूर स्टाफ सात, प्रत्यक्षात चार. त्या वर्षी फेब्रुवारीत एकदा भर दुपारी केबिनमध्ये छाती आवळून आली, श्वास पुरेना, हातापायांना मुंग्या आल्या. दफ्तरीकाकांनी पाणी दिलं आणि रिक्षातून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, “मॅडम, झोप किती होते?” मला उत्तर देता आलं नाही, रडू आलं.

पुढची दोन वर्षं मी हे शिकण्यात घालवली. मी डॉक्टर नाही. पण जे केलं आणि ज्याचा उपयोग झाला, ते क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं बँकेची आहेत कारण माझं आयुष्य तिथे गेलं. तलाठी कार्यालयात, शाळेत किंवा आयटीत काम करणाऱ्यांनी नावं बदलून वाचावं.

आधी शरीराची तपासणी

छातीत दुखलं, धाप लागली, डावा हात जड वाटला, तर “टेन्शन असेल” म्हणून घरी बसू नका. पहिल्यांदा असं झालं तर थेट दवाखाना गाठा. पॅनिक अटॅक आणि हृदयविकाराचा झटका यांची लक्षणं इतकी सारखी असतात की आतल्या माणसाला फरक कळत नाही. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरू लागतो, पण हे ज्ञान पुढच्या वेळेसाठी. पहिल्या वेळी ईसीजीच.

त्याबरोबर थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ आणि रक्तदाब पाहून घ्या. थायरॉइड वाढलेलं असलं तरी धडधड, घाम, हातांना कंप असं सगळं होतं आणि ते चिंतेसारखंच दिसतं. माझं हिमोग्लोबिन ९ निघालं. दोन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या तेव्हा जिना चढताना लागणारी धाप थांबली. त्या धापेलाही मी ‘टेन्शन’ समजत होते.

ताण वेगळा, चिंता वेगळी

आपण दोन्हीला टेन्शन म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. काउंटरवर पन्नास माणसं आणि कॅशियर एकच, हा ताण. तो खरा आहे, समोर आहे, आणि गर्दी संपली की उतरतो. रात्री दोनला जाग येऊन “ते कर्ज बुडालं तर माझ्यावर स्टाफ अकाउंटेबिलिटी (बुडालेल्या कर्जाची जबाबदारी) लागेल, नोकरी जाईल, मुलीचं शिक्षण थांबेल” असं जे चालतं, ती चिंता. तिला गर्दी लागत नाही. ती रजेच्या दिवशीही येते. ताण कमी करायला कामाची मांडणी बदलावी लागते, चिंतेसाठी विचारांची. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दोन्ही राहतात. बरेच जण कामाच्या खऱ्या ओझ्यावर ध्यान-प्राणायाम करत बसतात आणि मग “मला तेही जमलं नाही” म्हणून खचतात.

रॉबर्ट कारासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये एक मांडणी केली, ती वाचली तेव्हा मला फार हलकं वाटलं. नुसतं काम जास्त असलं म्हणून माणूस आजारी पडत नाही. मागणी जास्त आणि ते काम कसं करायचं हे ठरवण्याचा अधिकार कमी, ही जोडी माणसाला पोखरते. शाखेचं चित्र पाहा. टार्गेट वरून येतं, स्टाफ वरून ठरतो, पाऊस शेतकऱ्याच्याही हातात नाही, आणि सोयाबीनचा भाव पडला की हप्ता थकतो आमच्याकडे. म्हणजे माझा स्वभाव कच्चा होता म्हणून मी कोसळले नव्हते. कुणालाही जड गेली असती अशी ती खुर्ची होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद कामाशी निगडित बाब म्हणून केली. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. तिसरी खूण ओळखायला अवघड, कारण ती स्वतःबद्दलच्या सत्यासारखी वाटते. ‘मी नालायक आहे’ हे वाक्य मला तेव्हा लक्षण वाटलंच नव्हतं.

चौदा दिवसांचा रोजमेळ

सगळ्यात जास्त उपयोग मला या गोष्टीचा झाला, म्हणून इथे थोडं थांबते.

शंभर पानी वही घ्या, मोबाइल नको. चौदा दिवस, रविवार धरून, जेव्हा जेव्हा पोटात खड्डा पडेल तेव्हा एक ओळ लिहा: वेळ, काय झालं, शरीरात काय झालं, डोक्यात कोणतं वाक्य आलं, मग मी काय केलं. सुंदर लिहायचं नाही. माझी एक नोंद अशी आहे: “सायं. ७.४०. ग्रुपवर आरओचा (रीजनल ऑफिसचा) मेसेज, आजचे झीरो परफॉर्मर. जबडा आवळला. ‘आता सगळ्यांना कळलं.’ दोन जणांना फोन करून पॉलिसी मागितली. जेवले नाही.”

जुन्या हिशेबात आधी कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, लिहायची आणि मग खतावणी, म्हणजे त्यांची खात्यांप्रमाणे वाटणी, करायची. पंधराव्या दिवशी तसंच करा. एकेक नोंद उचलून खात्यांवर चढवा. माझ्या ४६ नोंदी झाल्या. मला वाटत होतं, ग्राहकांच्या कटकटीने मी थकते. ग्राहकांशी झालेल्या वादाच्या नोंदी फक्त ५ होत्या. १९ नोंदी संध्याकाळी सहानंतरच्या फोन-मेसेजच्या. १३ नोंदी एकाच कर्जखात्याबद्दल, एका डाळमिलच्या. उरलेल्या ९ किरकोळ.

म्हणजे ‘सगळंच असह्य झालंय’ या वाक्याखाली दोन गोष्टी होत्या: संध्याकाळचा मोबाइल आणि डाळमिलची फाइल. दोन गोष्टींचं काहीतरी करता येतं, ‘सगळ्या’चं कुणाला करता येणार? तुमची खतावणी वेगळी निघेल. एका मैत्रिणीची जवळजवळ सगळी पानं एकाच सहकाऱ्यावर निघाली. दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की त्याची धडधड रोज सकाळी तिसऱ्या चहानंतर सुरू होते.

त्या क्षणी काय करायचं

धडधड सुरू झाली की विचारांशी वाद घालू नका, ते तेव्हा ऐकत नाहीत. श्वासाकडे वळा. नाकाने चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, असे दहा श्वास. बाहेर सोडणं लांबलं की व्हेगस नावाची नस हृदयाची गती खाली आणते. खुर्चीत बसल्या बसल्या, समोर ग्राहक असतानाही हे करता येतं. मात्र याची सवय शांत असताना लावावी लागते. रोज सकाळी पाच मिनिटं. घाबरल्यावर पहिल्यांदा करून पाहिलं तर उलट गुदमरल्यासारखं होतं, मला झालं होतं.

दुसरी युक्ती स्नायूंची. एडमंड जेकबसन या अमेरिकी वैद्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत बसवली. मुठी पाच सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सोडा आणि दहा-पंधरा सेकंद तो सैलपणा जाणवू द्या. मग खांदे, मग जबडा, मग पोटऱ्या. टेबलाखाली पाय आवळून सोडले तर कुणाला दिसतही नाही.

हे कशासाठी, ते एका प्रसंगावरून सांगते. नवीन लागलेल्या कॅशियर मुलीची संध्याकाळी २,७०० रुपये कॅश शॉर्ट आली. तिचा चेहरा पांढरा पडला. तीन वेळा तीच बंडलं मोजली, तिन्ही वेळा वेगळा आकडा. पगारातून भरावे लागणार, नोकरीत डाग लागणार, असं पुटपुटत होती. मी तिला उठवलं, बाहेर नेऊन पाणी प्यायला लावलं, दहा श्वास मोजले. मग विचारलं, “फरकाला नऊने भाग जातोय का बघ.” जात होता. फरकाला नऊने भाग गेला की बहुतेक वेळा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, हे जुने कॅशियर सांगतात. पाच मिनिटांत व्हाउचर सापडलं: ६,३०० दिलेले, सिस्टिमला ३,६००. ही युक्ती तिला ट्रेनिंगमध्ये शिकवली होती. घाबरलेल्या डोक्याला ती आठवत नव्हती, एवढंच. श्वासाने कॅश जुळत नाही, पण कॅश जुळवणारं डोकं जागेवर येतं.

चिंतेला शेवटापर्यंत जाऊ द्या, पण कागदावर

रात्रीची चिंता अर्ध्यावर थांबून परत पहिल्यापासून सुरू होते, म्हणून ती संपत नाही. तिला पुढे ढकलत न्यायचं. कागदावर लिहा: काय होईल? मग? मग? प्रत्येक पायरीसमोर दोन गोष्टी: हे घडण्याची खरी प्रक्रिया काय, आणि माझ्याकडे आज काय आहे.

डाळमिलच्या खात्याचं मी असं केलं. खातं ९० दिवस थकलं की एनपीए. ते तेव्हा एसएमए-२ मध्ये, म्हणजे ६१ ते ९० दिवसांच्या टप्प्यात होतं. मग? एनपीए झालं तर खुलासा मागतील. मग? लेखी उत्तर द्यावं लागेल. मग? कर्ज मंजूर करताना कागदपत्रं, तारण, जागेची पाहणी नीट झाली होती का ते पाहतील. सरकारी बँकांना लागू असलेल्या केंद्रीय दक्षता आयोगाच्या नियमावलीत यासाठी कसोटीही दिली आहे: नियमांच्या चौकटीत राहून काम करणाऱ्या सामान्य समजुतीच्या माणसाने त्या परिस्थितीत, संस्थेच्या हितासाठी असा निर्णय घेतला असता का? धंद्यात बुडणं आणि अधिकाऱ्याने लबाडी करणं यांत तिथे फरक केला आहे.

दुसऱ्या दिवशी मी फाइल उघडली. पाहणीचे अहवाल होते. विम्याचं नूतनीकरण झालेलं होतं. एका तिमाहीचं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे कर्जदाराने द्यायचा मालसाठ्याचा तक्ता, नव्हतं. ‘नोकरी जाईल’ या राक्षसाच्या जागी ‘एक स्टॉक स्टेटमेंट मागवून घेणे’ हे काम उरलं. ते तीन दिवसांत झालं. खातं पुढे एनपीए झालंच, खुलासाही द्यावा लागला, पण तो लिहिताना माझा हात थरथरला नाही.

कधी कधी कागदावर खरीच चूक सापडते. तेव्हा ती लपवू नका, वरिष्ठांना आजच लेखी कळवा. लपवलेली चूक रोज नवी चिंता घालते आणि चौकशीत चुकीपेक्षा लपवणं जास्त महागात पडतं.

चिंतेला वेळ नेमून देण्याची एक पद्धत आहे. थॉमस बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ती तपासून पाहिली होती. रोज ठराविक जागी, ठराविक वेळी, अर्धा तास फक्त चिंता करायची. दिवसभरात एखादी आली की चिठ्ठीवर तिचं नाव लिहायचं आणि म्हणायचं, “तुझी वेळ सहाची.” मला हे पोरकट वाटलं होतं. पण सहा वाजता चिठ्ठ्या उघडल्या की निम्म्या शिळ्या झालेल्या असायच्या. अंथरुणात किंवा झोपेच्या आधीच्या तासात मात्र ही बैठक ठेवू नका.

आणि एक ‘च’ तपासा. ‘टार्गेट झालंच पाहिजे’, ‘सगळ्यांनी मला मान दिलाच पाहिजे’, ‘मी चुकताच कामा नये’. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती याच हट्टी मागणीवर बोट ठेवते. महाराष्ट्रात ती लोकांपर्यंत नेण्याचं मोठं काम डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने केलं. ‘टार्गेट व्हावं अशी माझी तीव्र इच्छा आहे, त्यासाठी मी झटेन, आणि नाही झालं तर वाईट वाटेल’ हे वाक्य मनात आणि मोठ्याने म्हणून बघा. प्रयत्न तेवढाच राहतो, घशातली पकड सुटते.

डोक्याचा डे-एंड

शाखेत कॅश जुळल्याशिवाय, व्हाउचर तपासल्याशिवाय डे-एंड होत नाही, आणि डे-एंड झाल्याशिवाय दुसरा दिवस उघडत नाही. आपण मात्र सगळी उघडी खाती डोक्यात घेऊन एसटीत बसतो. अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झालेल्या कामापेक्षा जास्त आठवतं, असं ब्लूमा झाइगार्निक यांनी १९२७ मध्ये लिहिलं होतं. त्यावर पुढे बराच वाद झाला, पण २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी केलेला अभ्यास कामाचा आहे. अर्धवट कामाची नेमकी योजना लिहून ठेवली, तरी ते मनात घुसायचं कमी होतं. म्हणजे काम संपवायची गरज नाही, कधी आणि कसं करणार ते लिहून ठेवलं की पुरतं.

निघण्याआधीची पंधरा मिनिटं राखून ठेवा. राहिलेली कामं लिहा. त्यांतली उद्याची तीन निवडा आणि प्रत्येकापुढे वेळ व पहिली कृती लिहा. ‘रिकव्हरी बघणे’ असं नको. ‘साडेअकरा, अमुक खातेदाराला फोन, हप्ता कधी भरणार ते विचारणे’ असं. मग आज झालेली एक गोष्ट लिहा, कितीही लहान. वही ड्रॉवरमध्ये ठेवा, कुलूप लावा. वही घरी न्यायची नाही.

मोबाइलचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तो वरिष्ठांच्या हातात आहे. मी इतकंच केलं: तातडीसाठी फोन करा, मेसेज मी सकाळी साडेनऊला पाहीन, असं साहेबांना आणि स्टाफला सांगून ठेवलं. ग्रुप म्यूट केले. पहिला आठवडा हात शिवशिवत होते. दोन महिन्यांत रात्री आठनंतर आलेले खरोखर तातडीचे फोन दोन निघाले, एक एटीएममधल्या धुराचा आणि एक सहकाऱ्याच्या वडिलांच्या निधनाचा. मार्च एंडला मात्र हा नियम टिकत नाही. मार्चचे शेवटचे दहा दिवस वेगळे धरा, घरच्यांना आधीच सांगा, आणि एप्रिलमधली चार दिवसांची रजा फेब्रुवारीतच मंजूर करून घ्या.

झोपेबद्दल थोडक्यात. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा शेवटचा कप दुपारी तीनचा. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसा, अंथरुणात कुढू नका. आणि उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा.

साहेबांशी बोलणं

ही पायरी बहुतेक जण टाळतात. मी अडीच वर्षं टाळली. “सर, खूप लोड आहे” एवढंच म्हणत राहिले आणि “लोड कुणाला नाही मॅडम?” हे ऐकत राहिले. त्यांचं उत्तर चूक नव्हतं, माझं वाक्य अपुरं होतं. लोडला आकडा नव्हता.

रोजमेळ झाल्यावर मी एक पान तयार केलं. स्टाफ सातऐवजी चार. एसएमए-२ मधली खाती ११२. रोजचे रिपोर्ट पाच, त्यांत माझे दीड तास. जूनमधली पीककर्ज नूतनीकरणं किती आणि एकाला किती मिनिटं लागतात. बेरीज केली तर दिवसाला तेरा तास येत होते. मग वेळ मागून घेतली, व्हीसीत किंवा ग्रुपवर नाही, समोरासमोर.

“सर, दहा मिनिटं हवी होती. रडगाणं नाही, हिशेब आहे.”

“बोला.”

“जूनमध्ये माझ्याकडे दिवसाला तेरा तासांचं काम आहे. मी दहा तास देऊ शकते. तीन तासांचं काय करायचं ते तुम्ही सांगा. मला तीन पर्याय दिसतात. एक क्लार्क तीन आठवडे डेप्युटेशनवर द्या, किंवा विम्याचं कॅम्पेन जुलैत घेऊ द्या, किंवा पाचातले तीन रिपोर्ट आठवड्यातून एकदा करा.”

साहेब बराच वेळ पानाकडे बघत बसले. क्लार्क दहा दिवसांसाठी मिळाला, दोन रिपोर्ट साप्ताहिक झाले, कॅम्पेन हललं नाही. मागितल्यातलं निम्मं मिळालं. पण त्याहून जास्त मला हे मिळालं की काय सोडायचं, हा निर्णय आता माझ्या एकटीच्या छातीवर नव्हता. भेट झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका: ‘आजच्या चर्चेप्रमाणे असं ठरलं.’ आरोप नको, आभार आणि नोंद.

रजेबद्दल मला पोटतिडकीने सांगायचं आहे. बँकेत रजा न घेणं हा गुण मानला जातो. पण खुद्द रिझर्व्ह बँकेने संवेदनशील पदांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायला सांगितलं आहे. त्यामागचं कारण फसवणूक पकडली जाणं हे आहे, पण त्यातून हेही दिसतं की कुठलाही माणूस दहा दिवस नसला तरी बँक चालते. दुसरा-चौथा शनिवार २०१५ पासून सुट्टीचा आहे. त्या दिवशी रिकव्हरी कॅम्प लागला तर बदली सुट्टी मागून घ्या, आणि ती वापरा.

जिथे श्वास मोजून भागत नाही

शिवीगाळ, सगळ्यांसमोर अपमान, चुकीच्या कागदावर सही करण्याचा आग्रह, पेन्शनर आजींना न समजावता पॉलिसी विकण्याचा दबाव: यांवर मन शांत करणं हा उपाय नाही. तारीख, वेळ, शब्द आणि तिथे कोण होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. तोंडी आदेश आला तर “सर, मेलवर सांगा म्हणजे लगेच करते” एवढंच म्हणा. संघटनेच्या प्रतिनिधीला सांगा. लैंगिक छळ असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. समिती सबळ कारण असेल तर मुदत वाढवू शकते, पण थांबू नका.

डॉक्टरकडे कधी

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक किंवा काम बिघडलेलं असेल, ऑफिसचं नाव काढलं की उलटी येत असेल, रोज संध्याकाळी दारू लागत असेल, तर वहीवर अवलंबून राहू नका. डॉक्टर तुम्हाला जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली देतील. गुण ० ते २१. दहा किंवा त्याहून जास्त आले तर पुढची तपासणी करावी असं मानतात. माझे १६ होते.

मानसोपचारतज्ज्ञ औषधं देऊ शकतात, समुपदेशक बोलून काम करतात. मला दोन्ही लागलं. चिंतेसाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता वाढू शकते, तेव्हा स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना फोन करा. आणि एक कळकळीची विनंती: सहकाऱ्याने दिलेली अल्प्राझोलामची गोळी घेऊ नका. ती पटकन शांत करते आणि तितकीच पटकन सवय लावते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस, एवढीच तिची जागा.

“रेकॉर्डवर येईल का?” हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. त्याच कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचं असतं. बाह्यरुग्ण खर्च मिळतो का, ते मात्र आपली पॉलिसी वाचून पाहा.

गावात तज्ज्ञ नसेल, किंवा जायचं धाडस होत नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मोफत, मराठीतही. मरणाचे विचार येत असतील तर तो नंबर आत्ता लावा आणि घरातल्या एका माणसाला आत्ता सांगा. सकाळची वाट पाहू नका, एकटं राहू नका. जीव लगेच धोक्यात असेल तर ११२.

घरी आणि शेजारच्या टेबलावर

घरच्यांना आपलं ऑफिस कळत नाही असं धरून मी काही सांगत नसे. नवऱ्याला वाटत होतं, मी त्याच्यावर चिडले आहे. शेवटी एके दिवशी म्हटलं, “मला सल्ला नको. रोज रात्री दहा मिनिटं नुसतं ऐक, आणि मग मला विषय बदलायला लाव.” तो अजून ऐकतो. रविवारी दुपारी चारला आम्ही तिघं मुद्दाम घराबाहेर पडतो. पोटात गोळा कधी कधी येतो अजून, तेव्हा मी चालत असते.

डे-एंडनंतरही कुणी टेबलावर नुसतं बसून राहिलेलं दिसलं, हसणारा माणूस गप्प झाला, वक्तशीर माणूस उशिरा येऊ लागला, तर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसा. “टेन्शन घेऊ नको” म्हणू नका. “गेले काही दिवस तू नेहमीसारखा नाहीस, झोप होते का?” असं विचारा आणि तो बोलेपर्यंत थांबा. फार वाईट वाटतंय असं दिसलं तर “जगू नये असं वाटतं का?” हेही सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. मग त्याच्यासमोरच १४४१६ लावा, फोन त्याच्या हातात द्या, आणि बोलणं संपेपर्यंत तिथेच बसा.